विक्रमी पाऊस म्हणजे नेमका किती? सातारा जिल्ह्यात पावसाची वही सुरू करणाऱ्यांसाठी

माझं माहेर माण तालुक्यात, सासर जावळीत. लग्नानंतरच्या पहिल्या जुलैत सलग कित्येक दिवस ऊन दिसलं नाही आणि कपडे चुलीवर वाळवायचे असतात हे मला तेव्हा कळलं. माहेरहून आईचा फोन यायचा, "पाऊस हाय का गं तिकडं?" मी म्हणायचे, "थांबलाच न्हाई अजून." पलीकडून नुसता सुस्कारा ऐकू यायचा.

काही वर्षांनी एका रात्री असाच धुवांधार कोसळला. सकाळी अंगणात बादली काठोकाठ भरलेली. मुलाची पट्टी घेतली, पाण्यात उभी धरली. अकरा इंच! लगेच मोबाईलवर टाकलं: "आमच्या गावात एका रात्रीत ११ इंच, शंभर वर्षांतला विक्रम." संध्याकाळपर्यंत तोच निरोप पुण्याच्या नणंदेकडून मला परत आला. त्यात गावाचा तालुका झाला होता आणि पावसाची ढगफुटी.

दुसऱ्या दिवशी आळीतले एक निवृत्त गुरुजी आले. मामंजींशी चहा घेता घेता सहज म्हणाले, "सूनबाई, बादली कुठं होती?"

बादली पन्हळीखाली होती. अर्ध्या छपराचं पाणी तिच्यात पडत होतं.

त्या फजितीनंतर गुरुजींकडूनच मोजायला शिकले. आता आमच्याकडे एक पर्जन्यमापक आहे, माहेरी दादाकडे दुसरा. दोन्हीकडच्या वह्या आहेत. मधल्या काळात सरकारी आकडे कुठे मिळतात, कसे वाचायचे आणि कुठे फसायला होतं हे चुका करत करत शिकले. तुम्हाला त्या चुका नव्याने करायला लागू नयेत म्हणून क्रमाने लिहिते.

लागणारं साहित्य

- प्लास्टिकचं नरसाळं, तोंडाचा व्यास १६ सेंटिमीटर (याच मापाचं का, ते पुढे येईल)
- पाच किंवा दहा लिटरचा कॅन, शक्यतो पांढरा
- मिलिलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र. औषधाच्या दुकानात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. शाईपेन नको, पावसात पसरतं
- सरकारी नोंदी हव्या असतील तर ओळखपत्राची प्रत, माहिती अधिकाराचा अर्ज आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प
- गावाचं महसूल मंडळ (तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट) कोणतं याची माहिती. सातबाऱ्यावर तालुका असतो, पण मंडळ तलाठ्यांना विचारून घ्या

१. विक्रम ऐकला की आधी प्रश्न विचारा

कुठे मोजला? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? कशाने? आणि तिथे किती वर्षांपासून मोजतात? ही चार उत्तरं नसतील तर तो आकडा पुढे पाठवू नका.

चौथा प्रश्न लोक विसरतात. महसूल मंडळांत बसवलेली महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं २०१७ नंतरची. तिथला "आजवरचा सर्वाधिक पाऊस" म्हणजे जेमतेम काही वर्षांतला सर्वाधिक. मामंजींना त्याहून मोठे पाऊस तारखेसकट आठवतात.

उलट बाजूचं उदाहरण महाबळेश्वरचं. तिथे हवामान खात्याची जुनी वेधशाळा आहे. २३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत तिथे ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याआधीचा तिथला एका दिवसाचा विक्रम ७ जुलै १९७७ चा, ४३९.८ मिलिमीटर. चव्वेचाळीस वर्षं टिकलेला आकडा दीडशेहून अधिक मिलिमीटरने मागे पडला. याला विक्रम म्हणायला कुणाची हरकत नसावी, कारण चारही प्रश्नांची उत्तरं आहेत.

हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर असा आणा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे गुंठ्याला साधारण शंभर लिटर. त्या दिवशी महाबळेश्वरात एका गुंठ्यावर साठ हजार लिटर पडलं, दहा हजार लिटरचे सहा टँकर. दादाला हे सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला. त्यांच्याकडे पुष्कळ वर्षी सबंध वर्षात पाचशे मिलिमीटरही होत नाही.

२. घड्याळ बघा, कॅलेंडर नंतर

हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. आज सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी हे काल साडेआठपासूनचं, आणि ते आजच्या तारखेला लिहितात. म्हणजे सोमवारी दुपारी पाऊस झाला तर नोंद मंगळवारची. सुरुवातीला हे डोक्यात बसत नाही. माझी वही पहिला महिनाभर एक दिवस पुढे-मागे होती.

कोयना धरणावरचा आकडा बहुधा सकाळी आठचा असतो. त्यामुळे कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर असे तीन आकडे पेपरात शेजारी शेजारी छापून येतात, तेव्हा ते कुणी आणि कधी मोजले हे बघा. महाबळेश्वरसाठी वेधशाळेचा आकडा वेगळा आणि धरणाच्या तक्त्यातला वेगळा असू शकतो. दोन्ही खरे असतील, मापक वेगवेगळे आहेत एवढंच.

आणखी एक गोम. धरणाचा हिशेब १ जूनपासून सुरू होतो. "आजअखेर" असं लिहिलेलं असतं ते १ जूनपासूनचं. आता दरवर्षी येणारी ती बातमी आठवा: नवजाने किंवा पाथरपुंजने चेरापुंजीला मागे टाकलं. (पाथरपुंज हे आपल्याच पाटण तालुक्यातलं, आणि नावातला पुंज जुळल्यामुळे बातमीला आयताच मथळा मिळतो.) एखाद्या वर्षी जून ते सप्टेंबर एवढंच मोजलं तर तसं घडूही शकतं. पण चेरापुंजीला एप्रिल-मेमध्येच हजाराहून जास्त मिलिमीटर पडून गेलेला असतो, तो १ जूनच्या हिशेबात येतच नाही. आपल्याकडे त्या दोन महिन्यांत वळवाच्या चार सरी. शर्यत सुरू करायची रेघच आपल्या सोयीची आखलेली आहे.

आणि चेरापुंजीचा खरा विक्रम वाचलात तर तुलना करायची इच्छाच राहत नाही. १ ऑगस्ट १८६० ते ३१ जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एकट्या जुलै १८६१ मध्ये ९,३०० मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरची वर्षाची सरासरी साडेपाच ते सहा हजारांच्या घरात आहे.

३. मापक कुठे आहे ते शोधा

सातारा जिल्ह्यात "तालुक्याचा पाऊस" म्हणणं धाडसाचं आहे. महाबळेश्वरहून पाचगणी सुमारे १९ किलोमीटर. तेवढ्यात वर्षाचा पाऊस साडेपाच-सहा हजारांवरून दीड-दोन हजारांवर येतो. पसरणी घाट उतरून वाईत गेलात की हजाराच्या खाली. एसटीने तासाभराचा रस्ता. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी कड्यावरच टाकतात. पलीकडे उतरणारी हवा कोरडी होत जाते आणि पूर्वेला माण-खटावपर्यंत तिच्यात फार काही उरत नाही.

म्हणून आमच्या जावळीचा तालुक्याचा आकडा आला तर मी विचारते: मेढ्याचा का बामणोलीकडचा? कोयनेच्या काठची गावं आणि साताऱ्याकडची गावं यांची सरासरी काढून जो आकडा येतो, तो या गावांचा नसतो आणि त्या गावांचाही नसतो.

पूर्व आणि पश्चिमेत फरक फक्त किती पडतो याचाच नाही, कधी पडतो याचाही आहे. महाबळेश्वरचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना जुलै. माणमध्ये बहुधा सप्टेंबर. तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, इकडे भातखाचरं तुडुंब भरतात तेव्हा माहेरी नुसता वारा सुटलेला असतो. उत्तरा-हस्तात मात्र तिकडे गडगडून येतो. त्यामुळे "जुलैअखेर सरासरीच्या इतके टक्के पाऊस" हे वाक्य दोन्ही तालुक्यांना सारखं लावू नका. माणमध्ये जूनची सरासरी मुळातच लहान असल्याने वळवाची एक दांडगी सर आली तरी टक्केवारी दुप्पट दिसते. पेरणीला तिचा उपयोग होतोच असं नाही.

४. सरकारी आकडा मिळवा

ही पायरी जरा चिकाटीची आहे. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम धरा.

पहिल्यांदा कृषी विभागाचं महारेन संकेतस्थळ उघडा. तालुका आणि मंडळनिहाय रोजचा पाऊस तिथे दिसतो. मोबाईलवर तक्ते नीट उघडत नाहीत, संगणक असेल तर बरं. दिसलेला आकडा त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. वर्षभराने शोधायला गेलात तर सापडेल याच्या भरवशावर राहू नका.

दुसरं, पावसाळ्यात जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडून रोजचा तालुकानिहाय तक्ता निघतो. स्थानिक पत्रकारांकडे तो सकाळीच पोचतो. ओळख काढा.

तिसरं, पुण्याचं हवामान खातं. शिवाजीनगरला रिक्षावाल्याला वेधशाळा म्हटलं नाही तरी चालतं, सिमला ऑफिस म्हणा. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून ते नाव पडलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण जुन्या नोंदी आणि हवामानाच्या संशोधनाचं काम अजून पुण्यात आहे. जुनी रोजची आकडेवारी हवी असेल तर त्यांच्याकडे मागणी नोंदवावी लागते. कुठलं केंद्र, कुठली वर्षं आणि कशासाठी हवी आहे हे स्पष्ट लिहा. विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचं पत्र जोडा.

चौथं, माहितीचा अधिकार. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित. माझ्या पहिल्या अर्जाची गंमत सांगते. मी लिहिलं होतं, "गेल्या वीस वर्षांतील पावसाची माहिती मिळावी." उत्तर आलं: वीस ओळी, वर्षाला एक आकडा. त्यांनी मागितलं तेच दिलं, चूक माझी. अर्जात असं लिहा: अमुक केंद्रावरील, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची दैनंदिन नोंद, मिलिमीटरमध्ये, नोंदवहीच्या छायांकित प्रतीसह. प्रत मागणं महत्त्वाचं, कारण पुष्कळ गोष्टी हस्ताक्षरातूनच कळतात.

एका जुन्या नोंदवहीत (कुठल्या कार्यालयाची ते राहू द्या) मला दिसलं की रविवारी सगळीकडे रेघ आणि सोमवारी भरघोस पाऊस. पाऊस काही सोमवारचा उपास धरून येत नव्हता. सुटीच्या दिवशी कुणी मोजलं नाही, दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं गेलं. अशा वहीतून "एका दिवसाचा विक्रम" काढायला गेलात तर हमखास फसाल. मोठा आकडा दिसला की आदल्या दिवशी काय लिहिलंय ते बघा आणि शेजारच्या केंद्रावर त्या दिवशी किती होता तेही बघा.

५. जुन्या आकड्यांत दोन खड्डे आहेत

पहिला खड्डा इंचाचा. इंग्रजांच्या काळातल्या सगळ्या नोंदी इंचात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. घाईत २५ ने गुणलं तर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाच्या बेरजेत शंभरभर मिलिमीटरची तूट येते.

दुसरा जास्त खोल आहे. १८८५ मध्ये छापलेल्या गॅझेटिअरमध्ये "सातारा जिल्हा" म्हणून जो भाग धरलाय, तो आजचा सातारा नाही. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. उलट फलटण तेव्हा संस्थान होतं, जिल्ह्यात नव्हतं. म्हणजे जुन्या साताऱ्याची सरासरी आजच्या साताऱ्याशी ताडून "पाऊस वाढला" किंवा "घटला" असं कुणी म्हणत असेल तर तो दोन वेगवेगळ्या जमिनींची तुलना करतोय. जिल्हा सोडा, एकच केंद्र धरा. तेही त्याच जागी राहिलंय का ते विचारा. कचेरी नव्या इमारतीत गेली की मापकही जातो, आणि नव्या आवारात आंब्याचं झाड असतं.

६. स्वतःचा पर्जन्यमापक बसवा

हे काम मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा सविस्तर.

हवामान खात्याच्या एका प्रचलित पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असतं. १६ सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ २०१ भरतं. म्हणून मी तेच माप सांगितलं. या नरसाळ्यातून कॅनमध्ये आलेलं २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. मोजपात्रात ३४० मिलिलिटर भरलं, भागिले २०, झाला १७ मिलिमीटर. पोरंसुद्धा करतात.

बादली का नको? पन्हळीखाली नसली तरी नको. प्लास्टिकची बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते. रुंद तोंडाने गोळा केलेलं पाणी अरुंद बुडात साठतं, त्यामुळे पट्टी लावली की पाऊस आहे त्यापेक्षा जास्तच दिसतो. अगदीच काही नसेल तर सरळ उभ्या भिंतींचा डबा घ्या आणि पट्टी लावा.

कॅन केवढा घ्यावा हे तुमच्या गावावर आहे. दोन लिटरची बाटली १०० मिलिमीटरला भरते. माहेरी ती कधी भरलेली ऐकली नाही. इकडे जुलैत भरून वाहते आणि मग त्या दिवसाची नोंद गेलीच. मी दहा लिटरचा कॅन ठेवते, तो ५०० मिलिमीटरपर्यंत चालतो. २०२१ च्या त्या दिवशी महाबळेश्वरात तोही उतू गेला असता.

जागा निवडताना:

- आजूबाजूचं घर किंवा झाड मापकाच्या तोंडापेक्षा जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक हवा. दहा फूट उंच भिंत असेल तर वीस फूट लांब.
- नरसाळ्याची कड जमिनीपासून साधारण एक फूट वर आणि पाणसळीत. फार खाली ठेवलं तर चिखलाचे थेंब उडून आत जातात.
- गच्चीवर नको. तिथे वारा जास्त, आणि वाऱ्यात थेंब नरसाळ्यावरून उडून जातात. पाऊस कमी भरतो.
- कुत्री, कोंबड्या आणि क्रिकेट यांपासून लांब. आमचा पहिला कॅन चेंडूने गेला.

रोज सकाळी साडेआठला मोजा. आत्याबाई सुरुवातीला म्हणायच्या, "देवाला फूल घालायच्या आधी हिला पाणी मोजायचंय." आता मी गावी नसले तर त्याच मोजतात, आणि माझ्यापेक्षा नीट.

वहीत रकाने एवढे ठेवा: तारीख, वेळ, मिलिलिटर, मिलिमीटर, नक्षत्र, शेरा. नक्षत्राचा रकाना मामंजींच्या आग्रहाने आला. मला आधी ते उगीच वाटलं होतं, पण गावातली जुनी माणसं पाऊस नक्षत्रानेच लक्षात ठेवतात. "मघात ओढ्याला पूर आला ते साल" असं कुणी सांगितलं की महिना लगेच सापडतो.

आणि पाऊस पडला नाही तर शून्य लिहा. रकाना मोकळा सोडू नका. मोकळा रकाना म्हणजे मोजलं नाही, शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हता. दादाची पहिल्या वर्षाची वही मी बघितली तर जुलैत चारच नोंदी. बाकीचे दिवस कोरडे गेले का तो विसरला, काही कळेना. त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं नव्हताच, मग ल्ह्यायचं काय?" दुष्काळी भागात वहीचा अर्धा अर्थ त्या शून्यांतच असतो. दोन पावसांतला खंड किती दिवसांचा होता, हे त्याशिवाय काढताच येत नाही.

७. तापमानाच्या बाबतीत तर फारच जपून

मोबाईलवर दिसणारं तापमान तुमच्या गावात मोजलेलं नसतं. ते गणिताने काढलेला अंदाज असतो. गाडीच्या डॅशबोर्डवरचं तर डांबराची आणि इंजिनाची उष्णता खाऊन आलेलं असतं. अधिकृत तापमापी पांढऱ्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, सावलीत ठेवलेला असतो. पेटीचं दारही उत्तरेला असतं, म्हणजे उघडताना ऊन आत येत नाही.

एवढी काळजी घेऊनही चुका होतात. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंश नोंदले गेले आणि जगातलं सर्वांत जास्त तापमान म्हणून ते नव्वद वर्षं पुस्तकांत राहिलं. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ते रद्द केलं. नोंद घेणारा नवखा होता आणि त्याने तापमापीवरची खूण चुकीच्या टोकाने वाचली असावी, असा निष्कर्ष निघाला. अलीकडे मे २०२४ मध्ये दिल्लीजवळच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश झाले म्हणून गदारोळ झाला. तपासणीत तो संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. भारताचा विक्रम अजून राजस्थानातल्या फलोदीचाच आहे, १९ मे २०१६ चा, ५१ अंश.

आपल्याकडची हिवाळ्यातली गंमत म्हणजे महाबळेश्वरचे हिमकण. वेण्णा तलावाच्या काठी गाड्यांच्या टपांवर, गवतावर दव गोठतं, फोटो येतात, आणि खाली लिहिलेलं असतं "महाबळेश्वर शून्यावर". त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा बघा, तो कितीतरी वर असतो. खोटं कुणीच बोलत नाही. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून खोलगटात साठते. तलावाचा भाग तसा खोलगट, वेधशाळा उंचावर. शिवाय गवताच्या पात्याचं तापमान आणि सव्वा मीटरवरच्या हवेचं तापमान यांत काही अंशांचा फरक सहज पडतो. याच कारणाने हिवाळ्यात पुण्याचं किमान तापमान महाबळेश्वरच्याही खाली गेलेलं अनेकदा दिसतं. थंडी बघायला घाट चढून वर गेलेल्या पाहुण्यांना हे सांगू नका, त्यांचे पैसे गेलेले असतात.

८. शब्द वापरण्याआधी त्यांची मापं पाठ करा

हवामान खात्याच्या लेखी २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस. "पावसाचा दिवस" म्हणून मोजायला किमान २.५ मिलिमीटर लागतात. दादाकडचे भुरभुरीचे कित्येक दिवस त्यात बसत नाहीत.

ढगफुटी म्हणजे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त. रात्रभरात शंभर झाला तर ती ढगफुटी नव्हे. तासाचा आकडा फक्त स्वयंचलित यंत्र देऊ शकतं, तुमचा कॅन नाही.

अतिवृष्टीचा ६५ मिलिमीटरचा आकडा शेतकऱ्यांनी पक्का लक्षात ठेवावा. पिकांच्या नुकसानीच्या मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर हा निकष लावला जातो, आणि तो मंडळातल्या सरकारी मापकावरचा. तुमच्या शिवारात ९० पडला आणि मंडळाच्या केंद्रावर ५०, तर अडचण येते. तुमची घरची वही सरकारी पुरावा ठरत नाही. पण रोजची, न चुकता ठेवलेली आणि खाडाखोड नसलेली वही तलाठ्यांना आणि कृषी सहायकांना दाखवता येते, पंचनाम्याची मागणी करताना अर्जाला तिची प्रत जोडता येते. नुकसानीनंतर एका बैठकीत भरलेली वही लगेच ओळखू येते, तो उद्योग करू नका.

नदीच्या पातळीतही एक फसवा टिंब आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. असे आकडे कधी फूट-इंचात सांगतात, कधी दशांशात. ५७.५ फूट म्हणजे ५७ फूट ६ इंच, ५ इंच नव्हे. पूर ओसरत असताना एका इंचावर लोकांचा जीव टांगलेला असतो. आणि सांगलीचा हा विक्रम सांगलीतल्या पावसाचा नसतो. तो आमच्या बाजूच्या घाटातला पाऊस, कोयनेतून आणि कृष्णेतून कराडच्या प्रीतिसंगमावर एक होऊन खाली गेलेला.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा" पूर किंवा पाऊस म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. आता आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असं नसतं. तीस वर्षांच्या घरकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीस निघते, आणि हेही दरवर्षीची शक्यता तीच राहिली असं धरून. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत बघितले. नदीकाठी प्लॉट बघायला जाणाऱ्यांनी विक्रीच्या माणसाला एवढं गणित विचारून बघावं.

९. वही सांभाळा आणि दुसरा मापक शोधा

दर महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा. आमची एक वही उंदरांनी खाल्ली, दादाकडच्या फोटोंवरून परत लिहिली.

एकट्याचा मापक बिघडला तर कळत नाही. नरसाळ्यात पान अडकलं, कॅनला चीर गेली, तरी आकडे येतच राहतात. दोन-तीन किलोमीटरवर आणखी कुणी मोजणारं असेल तर आठवड्यातून एकदा आकडे ताडून बघा. रोज तंतोतंत जुळणार नाहीत, जुळायलाही नकोत. पण एकाचा सतत निम्मा येत असेल तर आधी नरसाळं बघा. शाळा हे त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. आमच्याकडे सातवीची मुलं मोजतात, आणि सुटीत कोण मोजणार याची पाळी लावलेली आहे. सोमवारचा तो घोळ त्यांना आधीच सांगून ठेवलाय.

सुरुवात करायला मेअखेर बरी. वळीवही पकडता येतो आणि मृगापर्यंत हात बसतो. २०२५ मध्ये मुंबईत मान्सून २६ मे रोजीच पोचला, १९५६ चा २९ मेचा विक्रम मोडून. त्या वर्षी "७ जूनला मृग लागला की मापक बसवू" म्हणणाऱ्यांची पहिली पानं कोरीच राहिली. त्यात दादाही होता. आता तो अक्षय्य तृतीयेलाच नरसाळं धुऊन ठेवतो.